आसन व शय्यारचना, प्रवासी वाहनांतील

रेल्वेचा डबा, बस, विमान यांसारख्या वाहनांत उतारूंना बसण्यासाठी व झोपण्यासाठी केलेल्या सोयींची मांडणी म्हणजे आसन व शय्यारचना होय. अशा रचनेत शरीराला मिळणारा आराम, अनोळखी माणसांच्या नजरेपासून व स्पर्शापासून मिळणारा आडोसा, संकटसमयी बाहेर पडण्याची सोय आणि एका वाहनातून नेता येणाऱ्या उतारूंची संख्या या चार गोष्टींचा मेळ घालावा लागतो. वाहनाची लांबी-रुंदी ठरलेली असल्यामुळे यांपैकी एक गोष्ट वाढविली, की दुसरी एखादी कमी करावी लागते. लांब पल्ल्याच्या विमानांतील बिझनेस वर्गाच्या संदर्भात या प्रश्नाची अलीकडे विशेष चर्चा होत असली, तरी तो विमानापेक्षा पुष्कळ जुना आहे. महाराष्ट्रात तो रात्रीच्या रेल्वेप्रवासाच्या रूपाने प्रथम पुढे आला. मुंबई–सोलापूर हा ४५५ किमी. लांबीचा लोहमार्ग त्याच्या अभ्यासास सोयीचा आहे. हा प्रवास एका रात्रीत पुरा होतो. बाकडे, खुर्ची, उघडी शायिका, पडद्याची शायिका व दाराचा कक्ष हे सर्व प्रकार रेल्वेच्या या प्रवासात परिचित आहेत आणि जवळच्या महामार्गावरून शयन-बसही धावतात.

मूलतत्त्वे : बसलेल्या माणसाला सु. ४५ सेंमी. रुंदीचे आसन व पुढील आसनापर्यंत ७५ ते ८० सेंमी. अंतर मिळाल्यास त्याचे कसेबसे भागते. म्हणजे त्याच्या वाट्याला सु. ०·३५ चौ. मी. जागा येते. आडवे होण्यासाठी सु. १·८५ मी. लांब व ६० सेंमी. रुंद शय्या धरल्यास ही जागा १·१ चौ. मी. होते. बसलेल्या माणसाला झोपू द्यावयाचे, तर त्याला सु. तिप्पट जागा लागते, ही या विषयातील मूळ अडचण आहे.

तिच्यावर रेल्वेने काढलेला उपाय म्हणजे शायिका एकीवर एक रचणे. रेल्वेचा डबा उंच असल्यामुळे एकाच जमिनीवर दोन किंवा तीन माणसे एकावर एक झोपू शकतात. विमानाच्या प्रवासी कक्षात डोक्यावर सामानाचे कप्पे असतात व उंची मर्यादित असते. शिवाय उड्डाणाच्या व उतरण्याच्या वेळी प्रत्येक उतारूला पट्टा बांधून बसावे लागते. त्यामुळे तेथे सर्व शय्या एकाच पातळीवर ठेवून त्या एकमेकींत गुंतवाव्या लागतात.

आडोशाचे तीन प्रकार करता येतात : नजरेपासूनचा, आवाजापासूनचा आणि ये-जा करणाऱ्यांच्या स्पर्शापासूनचा. पडदा केवळ नजर अडवितो. भिंत व दार नजर पूर्णपणे आणि आवाज काही अंशी अडवितात. मात्र वरच्या शायिकेवर चढणाऱ्याचा पाय किंवा खिडकीकडून मार्गिकेकडे जाणाऱ्या शेजाऱ्याचे ओलांडणे यांपैकी कशानेच थांबत नाही. त्यासाठी प्रत्येकाला मार्गिकेपर्यंत स्वतंत्र वाट द्यावी लागते. भिंतीची जाडी, दार सरकण्याची खाच आणि स्वतंत्र वाट या सर्वांना जागा लागते. आरामाचे तसे नाही. गादीची जाडी, पाठीला मिळणारा आधार, दिव्याची योजना, हवा व धक्के शोषणारी चौकट या गोष्टी उतारूंची संख्या कमी न करताही सुधारता येतात. आडोसा मुख्यतः जागेतून मिळतो, तर आरामाचा बराच भाग सामग्रीतून मिळू शकतो. हा भेद लक्षात घेतल्यास पुढील इतिहासाचा उलगडा होतो.

इतिहास : इंग्लंडमधील आरंभीचे रेल्वेचे डबे घोडागाडीच्या धर्तीवर बांधलेले होते. प्रत्येक कक्षाला फलाटाच्या बाजूने स्वतंत्र दार असे व एका कक्षातून दुसऱ्यात जाता येत नसे. आडोशाच्या दृष्टीने ही रचना जवळजवळ परिपूर्ण होती. परंतु धावत्या गाडीत मदत मागण्याचा मार्गही तिने बंद केला होता. १८६४ मध्ये लंडनजवळ टॉमस ब्रिग्ज या प्रथम वर्गाच्या उतारूचा अशा बंद कक्षात खून झाला व त्यानंतर लोकमत जागृत होऊन १८६८ च्या कायद्याने लांब पल्ल्याच्या गाड्यांत उतारू आणि गाडीवरील कर्मचारी यांच्यात संपर्काचे साधन ठेवणे बंधनकारक करण्यात आले. धोक्याची साखळी ही त्याच साधनाची परंपरा होय. संपूर्ण एकांत संकटात उतारूवर उलटतो, हे तेव्हापासून डब्यांच्या आराखड्यांत गृहीत धरले गेले.

शयनयानांच्या बाबतीत दोन भिन्न परंपरा निर्माण झाल्या. अमेरिकेत जॉर्ज पुलमन याने १८६५ च्या सुमारास प्रसिद्धीस आणलेल्या डब्यात मधोमध मार्गिका, दोन्ही बाजूंस खाली-वर शायिका व त्यांना जाड पडदे अशी योजना होती. बेल्जियन उद्योजक झॉर्झ नागेलमाकेर्स याने ती अमेरिकेत पाहिली. परंतु यूरोपसाठी त्याने बाजूने मार्गिका आणि दाराचे स्वतंत्र कक्ष ही रचना पसंत केली. पडद्याची व दाराची या दोन्ही परंपरा भारतीय रेल्वेत पुढे एकत्र नांदल्या. वातानुकूलित द्विस्तरीय शयनयान हे पहिलीचे, तर प्रथम वर्गाचा कक्ष हे दुसरीचे उदाहरण होय.

भारतात १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर–ठाणे गाडी सुरू झाली. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मार्ग पुण्याकडून १८६० मध्ये सोलापूरपर्यंत आला, १८६३ मध्ये बोरघाटाचे काम पुरे होऊन मुंबई–सोलापूर असा सलग प्रवास शक्य झाला आणि १८७१ मध्ये रायचूर येथे हा मार्ग मद्रासकडील मार्गाला मिळाला. त्या काळी वरच्या वर्गाच्या उतारूंना स्वतंत्र शौचकूप असलेले प्रशस्त कक्ष मिळत, तर तिसऱ्या वर्गात लाकडी बाकडी असत. महात्मा गांधी यांनी १९१७ मध्ये मुंबईहून मद्रासला तिसऱ्या वर्गाने केलेल्या प्रवासाचे वर्णन प्रसिद्ध केले आहे. हा मार्ग सोलापूरवरूनच जातो. त्यांच्या डब्यावर २२ उतारूंची संख्या लिहिलेली होती. प्रवासात दोन रात्री काढावयाच्या असूनही सुरक्षितपणे आडवे होण्याजोग्या शायिका तीत नव्हत्या, बहुतेकांना बसूनच झोप घ्यावी लागली आणि रायचूरनंतर गर्दी असह्य झाली, असे त्यांनी नमूद केले. आराम व आडोसा हे दोन्ही त्या काळात भाड्याच्या दरानुसार वाटले गेले होते, हे यावरून दिसते.

आडोशाचा एक भाग मात्र कायद्याने सर्व वर्गांना लागू केला होता. १८९० च्या भारतीय रेल्वे अधिनियमानुसार उतारूंच्या प्रत्येक गाडीत सर्वांत खालच्या वर्गाचा किमान एक कक्ष स्त्रियांसाठी राखून ठेवावा लागे व गाडी ५० मैलांहून अधिक अंतर जाणारी असल्यास त्यास शौचकूप असणे आवश्यक होते. स्त्रियांसाठी जागा राखण्याची तरतूद १९८९ च्या रेल्वे अधिनियमातही कायम ठेवण्यात आली.

स्वातंत्र्योत्तर काळात त्रिस्तरीय शयनयानांचा प्रसार झाला व १९७४ मध्ये तिसरा वर्ग हे नाव रद्द होऊन त्याचा दुसऱ्या वर्गात समावेश करण्यात आला. अहमदनगर येथे जन्मलेले मधू दंडवते १९७७ ते १९७९ या काळात रेल्वेमंत्री होते. त्यांच्या कारकीर्दीत मुंबई–हावडा मार्गावर वर्गभेद नसलेली ‘गीतांजली एक्सप्रेस’ सुरू झाली (डिसेंबर १९७७) आणि दुसऱ्या वर्गाच्या लाकडी शायिकांवर सु. ५ सेंमी. जाडीची फोमची गादी बसविण्याचा निर्णय घेण्यात आला. या सुधारणेने एकही शायिका कमी झाली नाही. आडोसा पूर्वीइतकाच राहिला, पण लाकडाचा टणकपणा गेला. जागा न वाढविता आराम वाढविण्याचे भारतीय रेल्वेतील हे सर्वांत व्यापक उदाहरण मानता येईल.

मुंबई–सोलापूर मार्गावरील प्रकार : सोलापूरचे ग्रामदैवत श्रीसिद्धरामेश्वर यांच्या नावाने धावणारी सिद्धेश्वर एक्सप्रेस ही या मार्गावरील रात्रीची प्रमुख गाडी. अशा गाड्यांत वापरल्या जाणाऱ्या डब्यांपैकी मूळ जर्मन आराखड्यावर आधारलेला एलएचबी डबा सु. २३·५ मी. लांब व ३·२४ मी. रुंद असतो, त्याचे एकूण क्षेत्रफळ सु. ७६ चौ. मी. भरते. एवढ्याच जागेत वातानुकूलित प्रथम वर्गात २४, वातानुकूलित द्विस्तरीय वर्गात ५२, वातानुकूलित त्रिस्तरीय वर्गात ७२ आणि साध्या शयनयानात ८० शायिका बसविलेल्या असतात. शौचकूप, दारे व मार्गिका धरून दर शायिकेमागे येणारी जागा अनुक्रमे ३·२, १·५, १·१ व ०·९५ चौ. मी. होते. २०२१ मध्ये सुरू झालेल्या वातानुकूलित त्रिस्तरीय इकॉनॉमी डब्यात शायिकांची संख्या सुरुवातीस ८३ ठेवण्यात आली.

या आकड्यांवरून एक गोष्ट स्पष्ट होते. त्रिस्तरीय वातानुकूलित व साधे शयनयान यांतील मोठा फरक हवेचा, शांततेचा व अंथरुणाचा आहे; जागेचा फरक थोडा आहे. द्विस्तरीय वर्गात मधली शायिका नाहीशी होते, बसताना मान वाकवावी लागत नाही व पडदा मिळतो. त्यासाठी डब्यातील २० उतारू कमी करावे लागतात. प्रथम वर्गात पडद्याऐवजी दार येते आणि आणखी २८ उतारू कमी होतात. पडद्याच्या जागी दार आणणे ही या क्रमातील सर्वांत महाग पायरी ठरते.

प्रथम वर्गातील चार शायिकांचा कक्ष केबिन व दोन शायिकांचा कक्ष कूपे या नावाने ओळखला जातो. दांपत्याला कूपे मिळाल्यास घरासारखा एकांत लाभतो. एकट्या उतारूच्या बाबतीत मात्र त्याच दाराआड एखाद्या अपरिचिताबरोबर रात्र काढावी लागते. अनेक उतारूंना, विशेषतः एकट्या प्रवास करणाऱ्या स्त्रियांना, अशा वेळी आठ जणांचा उघडा खण अधिक निर्धास्त वाटतो. कारण तेथे नजरा असतात, तशीच सोबतही असते. खणातील समोरासमोरच्या बाकांमुळे गप्पा होतात, शिदोरी सुटते, भाकरी व शेंगाचटणी यांची देवघेव होते आणि सामानावर लक्ष ठेवावयास शेजारी मिळतो. आडोसा वाढला, की ही सोबत कमी होते.

उघड्या खणात जागेइतकीच वेळेचीही वाटणी असते. मधली शायिका उघडली, की खालच्या उतारूला ताठ बसता येत नाही. म्हणून ती रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेतच झोपण्यासाठी वापरावी, असा नियम आहे. मार्गिकेलगतच्या खालच्या शायिकेचे दिवसा दोन आसनांत रूपांतर होते. शायिकेची निश्चिती न झालेल्या, म्हणजेच आरएसी तिकिटाच्या, दोन उतारूंना कित्येकदा रात्रभर तीवर वाटणी करावी लागते. काही साध्या शयनयानांत २००७ च्या सुमारास मार्गिकेच्या बाजूला तिसरी शायिकाही बसविण्यात आली होती. तीमुळे तिन्ही उतारूंना बसणे व श्वास घेणे अवघड झाल्याने मोठी नाराजी व्यक्त झाली आणि २००९ मध्ये ती मागे घेण्यात आली. जागेची काटकसर कोठपर्यंत ताणता येते, याची सीमा या प्रयोगाने दाखवून दिली.

साध्या शयनयानात पडदा नसतो व रेल्वेकडून अंथरूण-पांघरूणही मिळत नाही. तेथे उतारू स्वतःची चादर डोक्यावरून ओढून घेतो. भौगोलिक चिन्हांकन लाभलेली सोलापूरची जाड सुती चादर या कामी महाराष्ट्रभर वापरली जाते. थंडीपासून संरक्षण व नजरेपासून आडोसा ही दोन्ही कामे ती करते आणि डब्यातील जागा तिळमात्र घेत नाही.

दिवसाच्या प्रवासात झोपेचा प्रश्न गौण ठरतो. १० फेब्रुवारी २०२३ रोजी सुरू झालेल्या मुंबई–सोलापूर वंदे भारत एक्सप्रेसमध्ये केवळ खुर्च्या आहेत. तिच्या साध्या चेअर कारमध्ये तीन व दोन अशा रांगांनी ७८, तर एक्झिक्युटिव्ह वर्गाच्या डब्यात दोन व दोन अशा रांगांनी ५२ आसने बसतात. वरच्या वर्गातील आसन रुंद असते व ते पूर्णपणे फिरविता येते. आडोसा मात्र दोन्ही वर्गांत सारखाच, म्हणजे जवळजवळ नाही. सु. साडेसहा तासांच्या दिवसाच्या प्रवासात उतारू आरामासाठी पैसे मोजतात. आडोशाची मागणी मुख्यतः झोपेबरोबर येते, असे यावरून म्हणता येते.

हवा व तापमान : सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत तापमान ४०° से.च्या वर जाते. वातानुकूलन नसलेल्या डब्यात प्रत्येक भिंत आरपार वाहणाऱ्या वाऱ्याला अडवते. त्यामुळे जुन्या साध्या प्रथम वर्गाचा बंद कक्ष उन्हाळ्यात उघड्या शयनयानापेक्षाही कोंदट होत असे. वातानुकूलनाने ही अडचण दूर केली, कारण हवा छतातील नळांवाटे प्रत्येक कक्षात पोहोचविता येते. मात्र त्यासाठी खिडक्या कायमच्या बंद कराव्या लागल्या आणि आगीच्या वेळी बाहेर पडण्याचा प्रश्न अधिक गंभीर झाला.

सुरक्षितता : २८ डिसेंबर २०१३ रोजी पहाटे बंगळूर–नांदेड एक्सप्रेसच्या वातानुकूलित त्रिस्तरीय डब्याला आंध्र प्रदेशातील कोत्ताचेरुवूजवळ आग लागून २६ उतारू मरण पावले. धुराने भरलेल्या डब्यात अंधारातून दारापर्यंत पोहोचणे, पेट घेणारे पडदे व काचबंद खिडक्या यांची त्यानंतर चर्चा झाली आणि २०१४ मध्ये त्रिस्तरीय वातानुकूलित डब्यांतील मार्गिकेचे पडदे काढून टाकण्यात आले. द्विस्तरीय वर्गात ते कायम राहिले. कोविड-१९ च्या साथीत २०२० मध्ये संसर्गाच्या भीतीने तेथील पडदे व अंथरूणही बंद झाले होते. मार्च २०२२ मध्ये ती सोय पुन्हा देण्यात आली. पडदा ही चैन आहे की गरज, याचे उत्तर प्रसंगानुसार बदलत गेल्याचे या दोन घटनांवरून दिसते.

शयन-बस : पुणे व मुंबई येथून सोलापूरकडे येणाऱ्या खाजगी बसगाड्यांत मार्गिकेच्या एका बाजूस जोडशायिका व दुसऱ्या बाजूस एकेरी शायिका अशी दोन स्तरांची रचना रूढ आहे. सु. १२ मी. लांब व २·५ मी. रुंद बसमध्ये साधारण ३० शायिका बसतात. म्हणजे दर शायिकेमागे १ चौ. मी. जागा येते. रेल्वेच्या त्रिस्तरीय वर्गाएवढ्याच जागेत येथे प्रत्येकाला पडदा व फळ्यांचा आडोसा दिला जातो. हे साधण्यासाठी मार्गिका अरुंद केली जाते आणि बाहेर पडण्याची दारेही थोडीच असतात. ८ ऑक्टोबर २०२२ रोजी नाशिक येथे ट्रकशी टक्कर होऊन पेटलेल्या बसमध्ये १२ जण, तर १ जुलै २०२३ रोजी समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजानजीक उलटून पेटलेल्या बसमध्ये २५ जण मृत्युमुखी पडले. आडव्या, निद्रिस्त व पडद्याआड असलेल्या माणसाला परिस्थिती समजून उठावयास बसलेल्या माणसापेक्षा अधिक वेळ लागतो. त्यामुळे संकटकालीन दारे, फोडता येण्याजोग्या काचा व आग सहज न धरणारे पडदे यांना अशा वाहनांत पराकाष्ठेचे महत्त्व आहे.

विमानातील बिझनेस वर्ग : विमानांत प्रथम व इकॉनॉमी या दोन वर्गांच्या मधला बिझनेस वर्ग १९७८–७९ च्या सुमारास निरनिराळ्या कंपन्यांनी सुरू केला. आरंभी त्यातील आसन म्हणजे अधिक रुंद व अधिक मागे कलणारी खुर्चीच होती. २००० मध्ये ब्रिटिश एअरवेज कंपनीने या वर्गात पूर्ण सपाट होणारी शय्या आणली व रेल्वेचा जुना प्रश्न विमानात नव्याने उभा राहिला.

मनुष्याचे शरीर खांद्यांजवळ रुंद व पायांकडे निमुळते असते. म्हणून या कंपनीने शेजारच्या दोन आसनांची तोंडे विरुद्ध दिशांना केली. एकाचे डोके दुसऱ्याच्या पायांजवळ येऊ लागले व मोठ्या विमानात एका ओळीत आठ शय्या बसू शकल्या. जागेच्या दृष्टीने ही रचना कुशल होती. परंतु मधली फळी वर करेपर्यंत दोन अनोळखी उतारू एकमेकांच्या तोंडाकडे पाहत बसत आणि खिडकीकडील उतारूला बाहेर पडताना शेजाऱ्याचे पाय ओलांडावे लागत. आराम सर्वांना मिळाला, आडोसा मात्र अपुरा राहिला.

दुसरा उपाय तिरक्या मांडणीचा. माशाच्या काट्याप्रमाणे आसने तिरपी ठेवल्यास प्रत्येकाला मार्गिकेची स्वतंत्र वाट मिळते. व्हर्जिन अटलांटिक कंपनीच्या २००३ च्या रचनेत उतारूची पाठ खिडकीकडे व पाय मार्गिकेकडे येत; त्यामुळे खिडकीचा उपयोग राहिला नाही व येणाऱ्या-जाणाऱ्याची नजर थेट उतारूवर पडू लागली. पुढे हीच मांडणी उलटी करून उतारूचे तोंड खिडकीकडे करण्यात आले. तिसऱ्या प्रकारात आसने सरळच ठेवून ती पुढे-मागे सरकविली जातात व मागच्या उतारूचे पाय पुढच्याच्या बाजूच्या मेजाखालील पोकळीत जातात. यात शय्येची लांबी पुरते. पण पायांची पोकळी अरुंद असल्यामुळे कुशीवर वळणे किंवा गुडघे जवळ घेणे कठीण जाते. कागदावर सारख्याच लांबीच्या दोन शय्या प्रत्यक्ष झोपेला सारख्या नसतात, त्याचे हे कारण होय.

२०१७ मध्ये कतार एअरवेजने बिझनेस वर्गाच्या आसनांना सरकते दार बसविले व नंतर अनेक कंपन्यांनी तसे केले. एअर इंडियाने जानेवारी २०२४ मध्ये सेवेत आणलेल्या एअरबस ए३५० विमानात अशी दाराची २८ आसने एका ओळीत चार याप्रमाणे आहेत. त्याच रुंदीत इकॉनॉमी वर्गाची नऊ आसने बसतात. ही दारे छतापर्यंत नसतात. उड्डाण व अवतरण यांच्या वेळी ती उघडी ठेवावी लागतात, कारण निम्मीच दारे वापरून ९० सेकंदांत विमान रिकामे करता यावे, अशी विमानांच्या प्रमाणनाची अट आहे. आसनाच्या चौकटीला गुरुत्वीय प्रवेगाच्या १६ पट धक्का सोसावा लागतो, असा अमेरिकन नियम १९८८ पासून नव्या आराखड्याच्या विमानांना लागू आहे. तसेच विमानाच्या अक्षाशी १८ अंशांपेक्षा अधिक कोन करणाऱ्या आसनास खांद्याचा पट्टा किंवा तत्सम संरक्षण द्यावे लागते. त्यामुळे फळी, दार व यंत्रणा यांचे वजन वाढते आणि इंधनाचा खर्चही वाढतो. एकट्या उतारूला हवीशी वाटणारी भिंत कुटुंबाला मात्र दूर करते. म्हणून मधल्या जोडआसनांतील फळी खाली करता येण्याची सोय बहुधा ठेवलेली असते.

थोड्या अंतराच्या विमानसेवेत हे सर्व प्रश्न मावळतात. जून २०२५ मध्ये सुरू झालेल्या सोलापूर–गोवा विमानसेवेसाठी वापरण्यात आलेल्या एटीआर-७२ विमानात दोन व दोन आसनांच्या रांगा व एकच वर्ग आहे. सु. एक तासाच्या प्रवासात शय्या किंवा दार यांची उणीव भासत नाही.

मूल्यमापन : वरील विवेचनावरून आसन व शय्यारचनेविषयी काही सर्वसाधारण निष्कर्ष काढता येतात. पहिला असा, की दिवसाच्या व थोड्या वेळाच्या प्रवासात आराम पुरेसा असतो. झोप आली, की आडोशाची मागणी सुरू होते. दुसरा असा, की पडद्याकडून दाराकडे जाताना मिळणारी सोय दर पायरीस कमी व तिची किंमत जास्त होत जाते. ही किंमत वरच्या वर्गाचा उतारू भाड्याच्या रूपाने देत असला, तरी ज्या गाडीला प्रतीक्षायादी आहे, तेथे ती जागा न मिळालेल्या माणसालाही मोजावी लागते. तिसरा असा, की आडोशाचे प्रत्येक साधन संकटाच्या वेळी अडथळा ठरू शकते. म्हणून ते आतून व बाहेरून सहज दूर करता येण्याजोगे असावे लागते. सार्वजनिक वाहतुकीचा आराखडा करताना सर्वांना थोडा आराम देणाऱ्या सुधारणा आणि थोड्यांना पुष्कळ आडोसा देणाऱ्या सुधारणा यांचा स्वतंत्रपणे विचार करणे इष्ट ठरते. गादी, योग्य उंची, वरच्या शायिकेवर चढण्याची सुरक्षित शिडी, प्रत्येकाच्या उशाशी मंद दिवा, स्वच्छ शौचकूप व शांतता या गोष्टी पहिल्या गटात येतात आणि त्यांसाठी एकाही उतारूला गाडीखाली उतरवावे लागत नाही.